फितुरी आणि मजुरी : एका फसलेल्या चित्रपटाच्या निमित्ताने

एखादी कलाकृती फसली आहे एवढे सांगितले की समीक्षकाचे काम संपते का, हा प्रश्न मला बरीच वर्षे एका सामान्य हिंदी चित्रपटाने घातला आहे. ‘धन धना धन गोल’ हा तो चित्रपट. विवेक अग्निहोत्री यांनी दिग्दर्शित केलेला आणि २३ नोव्हेंबर २००७ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट आज फारसा कुणाच्या स्मरणात नसेल. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ‘चक दे इंडिया’ येऊन गेला होता आणि खेळावरील चित्रपटांकडून असणाऱ्या अपेक्षा त्याने वाढवून ठेवल्या होत्या. त्या अपेक्षांना हा चित्रपट उतरला नाही. ते मत आज बदलावे असे मला वाटत नाही. चित्रपट निराशाजनकच आहे. मात्र त्याच्या फसण्याचे जे कारण मी तेव्हा मनाशी निश्चित केले होते ते अपुरे होते, आणि ते अपुरेपण माझ्या नजरेस आणून देणाऱ्या माणसाचा समीक्षेशी काडीचाही संबंध नव्हता. ते माझे वडील होते.

मी त्या काळी भिवंडीतील एका महाविद्यालयात मराठी शिकवत असे. आमच्या भागातले लूमचे कारखाने शुक्रवारी बंद असत. एरवी दोन पाळ्यांत अहोरात्र चालणारा खडखडाट त्या दिवशी थांबे आणि सहा दिवस त्या आवाजात वावरलेली माणसे सिनेमाला जात. चित्रपट लागल्यानंतरच्या अशाच एका शुक्रवारी मी वडिलांना घेऊन गेलो. फुटबॉलवरचा चित्रपट आहे म्हटल्यावर ते लगेच तयार झाले होते. थिएटरातील बहुतेक प्रेक्षक उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले लूम कामगार. काही तेलुगू बोलणारे पद्मशाली, काही भिवंडीच्याच जुन्या मोमिन विणकर घराण्यांतले तरुण. ताक्यावर किंवा मीटरवर मजुरी घेणारी, पंधरवड्याला हिशेब होणारी, भिसीत जेवणारी ही माणसे. इंग्लंडमधल्या फुटबॉलशी त्यांचा परिचय बेताचाच असावा. पण शिट्ट्या आणि टाळ्या भरपूर होत्या.

चित्रपटाचे कथानक थोडक्यात असे. लंडनच्या साउथॉल या दक्षिण आशियाई वस्तीतला एक फुटबॉल क्लब कर्जबाजारी झाला आहे आणि त्याचे मैदान हातातून जाण्याच्या बेतात आहे. एक पराभूत वृत्तीचा माजी खेळाडू प्रशिक्षक म्हणून येतो. ही भूमिका बोमन इराणी यांची. कर्णधार अर्शद वारसी. वर्णावरून अपमानित झालेला गुणी खेळाडू सनी, म्हणजे जॉन अब्राहम, या संघाला येऊन मिळतो आणि संघ जिंकू लागतो. पुढे मोठ्या क्लबाचा करार आणि त्यासोबतचा झगमगाट सनीच्या पुढ्यात येतो. तो आपल्या लोकांना सोडून जातो, त्याला आपली चूक उमगते आणि शेवटच्या सामन्यासाठी तो परत येतो. सनी जातो त्या प्रसंगी त्याची निर्भर्त्सना होत असताना मागच्या रांगेतून कुणीतरी हसत म्हणाले, ‘जाएगा नहीं तो खाएगा क्या?’ आजूबाजूचे चारदोन जण हसले. मी त्या बोलण्याकडे रसभंग म्हणून दुर्लक्ष केले.

घरी आल्यावर मी वहीत टिपण लिहिले आणि पुढे ते वाङ्मय मंडळात विद्यार्थ्यांपुढे वाचलेही. मर्ढेकरांच्या लयसिद्धांताचा आधार घेऊन मी त्यात मांडणी केली होती. संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे घेतली तर फुटबॉलचा सामना हे लयबद्ध रचनेचे उत्तम उदाहरण ठरते. नव्वद मिनिटांच्या खेळात गोल एखाददुसराच होतो, कधी होतही नाही. म्हणजे या खेळाची लय मुख्यतः अपूर्ततेची असते. चित्रपटाने ही अपूर्तता सहन केली नाही. प्रत्येक सामन्यातले केवळ सफल क्षण त्याने एकापुढे एक जोडले. शिवाय समोरच्या संघाला चेहराच दिला नाही. विरोधाला वजन नसल्यामुळे अखेरचा समतोल स्वस्तात पदरी पडला. टिपणाचा निष्कर्ष असा होता की, चित्रपटकर्त्याला फुटबॉलची लय सापडली नाही. विद्यार्थ्यांना हे पटले. मलाही आपण काही नेमके बोललो असे वाटले. आज ते टिपण वाचताना त्यात चुकीचे असे फारसे आढळत नाही. फक्त त्यात चित्रपटाचा विषय नाही.

चित्रपट संपल्यावर आम्ही वंजारपट्टी नाक्याकडे चालत निघालो होतो. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘अरं, पर त्या पोरानं वाईट काय केलं?’ मी म्हणालो, ‘आण्णा, आपल्या संघाला अडचणीत टाकून तो पैशासाठी दुसरीकडे गेला ना.’ त्यावर ते म्हणाले, ‘गेला म्हंजे कामाला गेला, न्हवं?’

या प्रश्नामागे जे होते ते मला त्या संध्याकाळी प्रथमच कळले. वडील मूळचे कोल्हापूरचे. कोल्हापुरात फुटबॉल हा पेठांचा खेळ आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही संघांची नावेच सांगतात की, तेथे खेळाडू आधी पेठेचा असतो आणि मग खेळाडू असतो. वडील आपल्या पेठेकडून लेफ्ट-इनच्या जागी खेळत. १९६०च्या सुमारास मुंबईतल्या एका गिरणीच्या संघाला माणसे हवी होती. गिरणीत आधीपासून असलेल्या एका गाववाल्याने त्यांना नेले. त्या काळी गिरण्या, बँका, रेल्वे, तेल कंपन्या यांचे संघ मुंबईत हारवुड लीग खेळत. मफतलाल, टाटा, कॅल्टेक्स, महिंद्र ही नावे कूपरेजच्या प्रेक्षकांच्या तोंडी असत. खेळाडूला पगार खेळाचा नसे, नोकरीचा असे. वडिलांना मिळाले ते बदली काम. म्हणजे रोज सकाळी पाळीच्या वेळी दरवाजात उभे राहायचे आणि कुणी गैरहजर असेल तर साच्यावर जायचे. सामन्याच्या दिवशी मात्र हजेरी लागे. दोन वर्षे कायम करण्याचे आश्वासन मिळत राहिले. तेवढ्यात दुसऱ्या गिरणीने कायम नोकरी देऊ केली आणि हंगाम अर्धा झालेला असताना वडील तिकडे गेले.

त्यांना मुंबईत आणणारा गाववाला पुढे त्यांच्याशी कधी बोलला नाही. खोलीवरच्या कोल्हापूरकरांनी त्यांना वेगळी खोली बघायला लावली. गावी एका लग्नात पंगतीला बसले असता कुणीतरी ‘फितूर आला’ असे म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी पेठेच्या मैदानावर पाय ठेवला नाही. आमच्या घरात फुटबॉलचा एकही फोटो का नव्हता, याचे उत्तर मला पस्तीस-चाळीस वर्षांनी मिळाले. हे सांगताना त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. त्यांनी एवढेच म्हटले की, कायम झाल्यावरच्या पहिल्या पगारात त्यांनी आईला कोल्हापूरहून बोलावून घेतले.

हे ऐकल्यावर चित्रपटाची संहिता मला निराळी दिसू लागली. तिची उभारणी निष्ठा आणि पैसा या एकाच द्वंद्वावर झाली आहे. निष्ठेच्या बाजूला वस्ती, मैदान, दोस्ती, पूर्वजांचा मान. पैशाच्या बाजूला करार, झगमगाट, दलाल. पैसा या चित्रपटात येतो तो प्रलोभन म्हणून. मजुरी म्हणून तो येत नाही. सनीचे जाणे म्हणजे स्खलन आणि त्याचे परतणे म्हणजे शुद्धी. व्यावसायिक फुटबॉल हा विषय घेऊन बसलेला चित्रपट व्यवसाय या शब्दाचीच लाज बाळगतो. रोलाँ बार्थने १९५७च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये मिथकाचे कार्य सांगताना म्हटले आहे की, मिथक इतिहासाचे रूपांतर निसर्गात करते. येथे तेच घडते. मजूर आणि मालक यांच्यात घडलेल्या दीर्घ व्यवहारातून उत्पन्न झालेली ‘संघनिष्ठा’ जणू रक्तातच असते असे दाखवले जाते, आणि मग तिच्यापुढे पगाराचा प्रश्न विचारणे हेच अश्लील ठरते.

साउथॉलच्या संदर्भात ही विस्मृती अधिकच खटकते. ती वस्ती आपोआप उगवलेली नाही. १९५०नंतर पंजाबातून माणसे तेथे गेली ती वुल्फच्या रबर कारखान्यात आणि पुढे हीथ्रो विमानतळावर मिळणाऱ्या कामासाठी. वुल्फ कारखान्यातल्या पंजाबी कामगारांनी १९६५-६६ मध्ये संपही केला होता. तेव्हा ज्या समूहाला सोडून जाणे चित्रपटाला पाप वाटते, तो समूहच गाव सोडून मजुरीला आलेल्यांचा बनलेला आहे. अर्थात, या समूहनिष्ठेलाही कारणे होती हे विसरता येत नाही. १९७६ मध्ये साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या तरुणाचा खून झाला. २३ एप्रिल १९७९ रोजी नॅशनल फ्रंटविरोधी निदर्शनात ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला. अशा ठिकाणी एकत्र राहणे ही आत्मरक्षणाची गरज असते. चित्रपटातला वर्णद्वेषाचा धागा म्हणूनच पोकळ नाही. पण त्या धाग्याचा उपयोग चित्रपटकर्ता कशासाठी करतो, हे पाहिले पाहिजे. बाहेर द्वेष आहे, म्हणून आतल्या माणसाने मोबदला मागू नये, असे अनुमान तो प्रेक्षकाकडून काढून घेतो.

व्यावसायिक फुटबॉलचा इतिहास या अनुमानाच्या थेट विरोधात जातो, आणि भिवंडीतल्या माणसाला तो परका वाटू नये. हा व्यवसाय जन्मला तो कापड विणणाऱ्यांच्या गावांत. ब्लॅकबर्न, डार्वेन, बोल्टन, प्रेस्टन ही लँकेशायरमधली गावे कापूस गिरण्यांची. ज्याला लँकेशायर लूम म्हणतात तो यंत्रमाग १८४०च्या दशकाच्या आरंभी ब्लॅकबर्नमध्येच सिद्ध झाला; आमच्या गल्लीतल्या साध्या लूमचा घाट त्याच वंशातला. १८५०च्या कारखाना कायद्याने गिरण्यांतल्या कामाला शनिवारी दुपारी दोनची मर्यादा घातली आणि शनिवारची दुपार मोकळी झाली. त्या दुपारी फुटबॉल वाढला. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने ओल्ड इटोनियन्सचा २-१ असा पराभव करून एफ. ए. कप जिंकला. हरलेले लोक उमराव घरांतले होते. जिंकणाऱ्यांत विणकर होते, प्लंबर होते. रविवारी चर्च, शनिवारी फुटबॉल आणि उरलेले दिवस गिरणी अशा आयुष्यात सरावासाठी वेळ काढायचा तर बुडालेल्या मजुरीची भरपाई कुणीतरी करायला हवी होती. ती होऊ लागली आणि गदारोळ उठला.

त्या गदारोळाची भाषा आमच्या चित्रपटाच्या भाषेहून फार वेगळी नव्हती. खेळ हा खेळासाठी, पैसे घेणारा खेळाडू हा भाडोत्री, हा युक्तिवाद प्रामुख्याने ज्यांना पैशाची ददात नव्हती अशांकडून होत होता. फर्गस सूटर हा ग्लासगोचा पाथरवट १८७८ मध्ये डार्वेनला येऊन खेळू लागला आणि १८८० मध्ये शेजारच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे गेला. तो पैसे घेतो असा बोभाटा झाला. डार्वेनकरांनी त्याचे जाणे मनाला लावून घेतले. १८८४ मध्ये खेळाडूंना मोबदला दिल्याच्या कारणावरून प्रेस्टनला कपमधून बाद करण्यात आले. अखेर २० जुलै १८८५ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने व्यावसायिकतेला मान्यता दिली. १८८८ मध्ये लीग स्थापन झाली तेव्हा तिच्या १२ संस्थापक क्लबांपैकी ६ लँकेशायरमधले होते.

मान्यता मिळाली तरी खेळाडू मोकळा झाला नाही. १९०१ मध्ये आठवड्याला चार पौंडांची कमाल वेतनमर्यादा आली. ती वाढत वाढत वीस पौंडांवर पोचली आणि १९६१ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केल्यावरच उठली. करार संपलेल्या खेळाडूलाही क्लब अडवून ठेवू शके. या पद्धतीला युरोपात निर्णायक धक्का दिला तो झाँ-मार्क बोस्मान या बेल्जियन खेळाडूच्या खटल्याने. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, करार संपल्यावर युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशातील क्लबात जाण्यासाठी त्याच्याकरिता रक्कम मागता येणार नाही. सारांश, सनी ज्या हक्काने मोठ्या क्लबाचा करार हाती घेऊ शकतो, तो हक्क मिळवायला एका व्यवसायाला शतकाहून अधिक काळ लागला होता. चित्रपटाने त्या हक्काचा उपयोग खलपुरुषाचे आमिष म्हणून केला.

आपल्याकडचे चित्रही येथे पाहणे उचित होईल. ‘धन धना धन गोल’ प्रदर्शित झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबर २००७ रोजी, भारतात आय-लीग सुरू झाली. दहा संघांच्या या स्पर्धेने १९९६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगची जागा घेतली. त्या जुन्या लीगचा पहिला विजेता होता जेसीटी, म्हणजे फगवाड्याच्या जगतजित कॉटन टेक्स्टाइल मिल्सचा संघ. बायचुंग भुतिया आणि आय. एम. विजयन त्यात खेळले होते. कापडगिरणीच्या संघाने भारतातली पहिली राष्ट्रीय लीग जिंकावी आणि १५ वर्षांच्या आत, २०११ मध्ये, तो संघ बंद व्हावा, यात एक कथानक आहे. त्याआधी २०१० मध्ये महिंद्र युनायटेड बंद झाला होता. २००५-०६ची राष्ट्रीय लीग त्याने जिंकली होती. २०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब या गोव्यातील तीन संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. मुंबई एफ. सी. २०१७ मध्ये संपला. २०२५ च्या जुलैत इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित झाला आणि पाठोपाठ काही क्लबांनी खेळाडूंचे व कर्मचाऱ्यांचे वेतन थांबवले. आपल्याकडे खेळाडूने क्लबाला सोडले याची जेवढी चर्चा होते तेवढी क्लबाने खेळाडूला सोडले याची होत नाही. मालक निघून जातो तेव्हा त्या कृतीला फितुरी हा शब्द कुणी लावत नाही.

येथे काव्यशास्त्राचा एक अभ्यासक माझ्यापुढे आक्षेप ठेवील याची मला कल्पना आहे. भट्टनायकाने सांगितलेले साधारणीकरण हाच रसानुभवाचा पाया असेल, तर विशिष्ट माणसाचा विशिष्ट पगार गळून पडणे हे कलाकृतीच्या दृष्टीने इष्टच म्हणावे लागेल. प्रेक्षकाला भिडायला हवी ती विरहाची, पश्चात्तापाची, पुनर्मीलनाची भावना. तिला पगाराचा आकडा चिकटवला तर ती लौकिकच राहील. हा आक्षेप मी स्वतःवरच बरीच वर्षे घेत आलो. माझे आजचे उत्तर असे की, साधारणीकरणात काय गळते आणि काय उरते याची निवड निरपेक्ष नसते. या चित्रपटात पगार गळला, पण वस्ती गळली नाही. श्रम गळले, पण वंश गळला नाही. म्हणजे विशिष्टाचा त्याग झालाच नाही. एका विशिष्टाच्या जागी दुसरे विशिष्ट बसवले गेले आणि त्यालाच सार्वत्रिक म्हटले गेले. ज्याला मजुरी ही गोष्ट गृहीत धरून चालता येते अशा प्रेक्षकाचे त्यात सहज साधारणीकरण होते. मागच्या रांगेतल्या माणसाचे झाले नाही. त्याच्या हसण्याला मी रसभंग म्हटले होते. खरे पाहता तो अधिक काटेकोर सहृदय होता.

भिवंडीत या निवडीला आणखी एक अर्थ येतो. हे शहर १९७० मध्ये आणि पुन्हा १९८४ मध्ये, दोन्ही वेळा मे महिन्यात, दंगलीत जळाले. १९८२च्या संपानंतर वडील मुंबई सोडून भिवंडीला आले होते. विणकाम आधीपासूनच गिरण्यांकडून लूमकडे सरकत होते. संपानंतर तो वेग वाढला, आणि कापडामागून माणसेही आली. वडिलांना एका कारखान्यात मेहता म्हणून काम मिळाले. ताके मोजून घ्यायचे, वही लिहायची, पंधरवड्याला मजुरी चुकती करायची. त्या कारखान्यात हिंदू होते, मुसलमान होते, तेलुगू होते, भोजपुरी होते, आणि मीटरला भाव सर्वांना एकच होता. मे १९८४ मध्ये तीच माणसे चार दिवसांत ‘आपली’ आणि ‘त्यांची’ झाली. कारखाना पुन्हा उघडला तेव्हा वडिलांच्या वहीत काही नावांपुढे लिहिलेली मजुरी न्यायला कुणी आले नाही. त्यांनी त्या रकमा वेगवेगळ्या पुड्यांत बांधून, वर नाव लिहून ठेवल्या. दिवाळीनंतर दोघे जण परत आले आणि आपापले पैसे घेऊन गेले. बाकीच्या पुड्या बराच काळ कपाटात होत्या.

मजुरीमुळे माणसे एक होतात आणि समूहामुळे दुभंगतात, असे सोपे समीकरण मला मांडायचे नाही. मजुरीनेही माणसे दुभंगतात, हे वडिलांच्याच खोलीवर घडले होते. बोस्मान निर्णयाचा मोठा लाभ श्रीमंत क्लबांनाच झाला, असेही म्हणता येते. आणि ज्या कायम नोकरीसाठी वडिलांनी फितूर हे नाव पत्करले ती वीसेक वर्षांनी संपात गेली. मजुरीला पूज्य मानावे असे तिच्यात काही नाही. पण ती लपवली की माणसाच्या कृतीचा अर्थच बदलतो. कामाला गेलेला माणूस फितूर होतो आणि त्याच्या परतण्याला आपण टाळ्या वाजवतो. चित्रपट फसला तो या ठिकाणी. लयीचा जो दोष मी टिपणात दाखवला होता तो याच लपवण्याचा परिणाम आहे, असे आता वाटते. ज्या सामन्यात खेळाडूचे पोट पणाला लागलेले नाही, त्या सामन्यात विरोधाला वजन येणार तरी कुठून?

नंतरच्या दोन चित्रपटांची या संदर्भात आठवण होते. नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये (२०२२) नागपूरच्या झोपडपट्टीतली मुले फुटबॉल खेळतात. तो व्यावसायिक फुटबॉलवरचा चित्रपट नव्हे, पण त्यात पासपोर्टासाठी लागणारा कागद हा संघर्षाचा विषय होतो आणि त्यामुळे खेळाला लौकिकाचे वजन येते. अमित शर्मा यांच्या ‘मैदान’मध्ये (२०२४) सय्यद अब्दुल रहीम या प्रशिक्षकाची आणि १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकाची कथा आहे. त्या संघातले प्रदीपकुमार बॅनर्जी रेल्वेत नोकरीला होते. तो संघ नोकरदारांचाही होता ही बाब राष्ट्राभिमानाच्या कथनात मागे पडते. साउथॉलच्या जागी राष्ट्र आले, एवढाच फरक. हल्ली कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला आणि पुढे व्यावसायिक क्लबांकडून खेळू लागला, याचा कोल्हापूरला अभिमान वाटतो. वडिलांच्या वेळी तसे वाटले नव्हते. साठ वर्षांत बाहेर जाऊन खेळण्याला प्रतिष्ठा आली. आपल्या कथानकांना मात्र ती अजून देता आलेली नाही.

वडील २०१५ मध्ये गेले. त्या चित्रपटाविषयी आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. पुढे वर्गात कादंबरी शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारू लागलो : या पात्राचे घर कशावर चालते? सुरुवातीला मुले हसत. मग पाने उलटून शोधू लागत. पुष्कळदा उत्तर सापडत नसे आणि त्या न सापडण्याविषयी बोलण्यात तास संपे. लूमवर रात्रपाळी करून वर्गात येणारा एक विद्यार्थी मात्र असे उत्तर झटकन शोधी. त्याला मी एकदा विचारले की, तुला हे इतक्या लवकर कसे दिसते? तो म्हणाला, ‘सर, मी पहिल्यांदा तेच बघतो.’